डाव्या चेनची स्लीपिंग बॅग

बियाण्याच्या लॅबमध्ये हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं. चारशे दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते लिहायचं. दिवसभर हेच. मग गप्पा होणार नाहीत तर काय! तपासलेला नमुना आम्ही ठरावीक मुदतीपर्यंत ठेवतो, मुदत संपली की फेकून देतो. किस्से मात्र कोणी फेकत नाही, ते साचतच जातात. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी बावीस वर्षं काढली आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या अंकुशभाऊंचे आहेत. त्यातले निम्मे पुन्हा एका स्लीपिंग बॅगचे. ती घ्यायला त्यांना तेरा वर्षं लागली!

* * *

अंकुशभाऊ कुंभार पिंपळगाव या गावचे. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. शहाऐंशीच्या डिसेंबरात त्यांचं लग्न झालं आणि त्याच हिवाळ्यात लष्करातल्या मावसभावानं लेहहून एक फोटो पाठवला. मावसभाऊ गुडघाभर बर्फात उभा आणि मागं नजर जाईल तिथवर पांढरं. कमलवहिनींनी तो फोटो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला.

"कापसावानीच दिसतं हो," त्या म्हणाल्या. "हातात घेतल्यावर कसं लागत आसंल?"

नवीन लग्न झालेलं. अंकुशभाऊ बोलून गेले, "दाखवतो की तुला! येत्या मे मधी जाऊ."

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टेबलावर. आता बियाण्याच्या कंपनीत मे महिन्यात रजा मागायची म्हणजे मिठाईवाल्यानं दिवाळीत दुकान बंद ठेवायचं. पेरण्या तोंडावर, ट्रक दारात, एकेका लॉटच्या रिपोर्टसाठी माणसं ताटकळलेली. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले,

"अंकुशराव, तुमचं लग्न आपण डिसेंबरात का घ्यायला लावलं? लग्न डिसेंबरात, तर बर्फही डिसेंबरातच!"

म्हणजे हिवाळ्यात जाणं आलं. मावसभावानं कळवलं की हिवाळ्यात तिकडं बादलीतलं पाणी गोठतं, तुमच्या गोधड्यांचं काम नाही, पिसं भरलेली स्लीपिंग बॅग घ्या. चांगला बर्फ पाहायचा तर दिवसभर पायी चढावं लागतं, म्हणजे बॅग पाठीवर. आणि पोती उचलून उचलून अंकुशभाऊंच्या कमरेचं वाटोळं झालेलं. डॉक्टरांनी वजन घ्यायला साफ मनाई केलेली. बॅग कडक थंडीची हवी आणि वजनाला काहीच नको, अशी अट पडली.

* * *

दिल्लीच्या एका दुकानाचा कॅटलॉग आला. सगळं इंग्रजीत. अल्ट्रालाइट, इतके ग्रॅम, उणे पाच, उणे दहा. अंकुशभाऊ जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी तो उघडून लाल पेनानं खुणा करत बसायचे. पण छापील शब्दावर विश्वास ठेवणं आमच्या धंद्यात बसत नाही. त्यांनी दुकानदाराला लिहिलं, "कृपया नमुना पाठवावा."

आणि त्या भल्या माणसानं खरंच चिमूटभर पिसं पाठवली! बदकाच्या छातीवरची. प्लॅस्टिकच्या पुडीत धुकं भरल्यासारखी दिसत होती.

लॅबमधले पंखे बंद केले. वजन घ्यायला पुडी उघडली. एवढ्यात आमच्या गोदामाचे शेखचाचा वाकून बघायला आले आणि शिंकले! अर्धा नमुना छताला. उरलेल्यातला थोडा ओलावा तपासायला ओव्हनमध्ये ठेवला, तर केस जळाल्यासारखा असा वास सुटला की कॉरिडॉरमधली माणसं नाक धरून पळाली. शेवटी शिल्लक राहिलं ते चाचांनी रीतसर ओल्या कागदात गुंडाळून उगवणीला लावलं. आठवड्यानं रिपोर्ट तयार. पीक : बदक. वाण : अल्ट्रालाइट. उगवण : शून्य टक्के. शेरा : विक्रीस अयोग्य.

साहेब रोज ढीगभर रिपोर्टांवर सह्या करायचे. त्यावरही केली. संध्याकाळी मात्र तणतणत लॅबमध्ये आले.

"शून्य टक्के? कोणाच्या प्लॉटवरचं आहे हे? आधी तो प्लॉट बंद करा!"

* * *

औरंगाबादला डोंगर चढणारे एक प्राध्यापक होते. त्यांची पिसांची बॅग अंकुशभाऊंनी महिनाभरासाठी मागून आणली. म्हणाले, "भगवान, उघड्यावर झोपेल माणसाचं मत पाह्यजे. तुझ्या आबाला दाखवू."

आबा म्हणजे माझे वडील, मेंढरं राखणारे. वर्षातले आठ महिने कळपामागं फिरायचे, खांद्यावर एक घोंगडी, बस. आम्ही अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा ते थकले होते, मेंढरंही विकली होती. त्यांनी बॅग हातावर तोलली आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग अंगणात आडवे झाले. आम्ही गळ्यापर्यंत चेन लावून दिली.

"उबदार हाय," ते म्हणाले. "अन् वजन बी न्हाई. झ्याक हाय!"

अंकुशभाऊंचा चेहरा खुलला. आबांनी आतल्या आत हात हलवून पाहिले, पाय पसरून पाहिले आणि चुळबुळ करायला लागले.

"पन ह्याच्यात कोकरू कुठं घ्यायचं?"

आम्हाला कळेना. ते आडव्यानंच समजावून सांगायला लागले. थंडीत रानात मेंढी व्याली की ओलं कोकरू काकडून मरतं. त्याला घोंगडीत पोटाशी घेऊन झोपायचं, सकाळी ते आपोआप उठून आईकडं जातं. कधी दोन, कधी तीन.

लहानपणी आम्ही भावंडं दिवस मोजत त्यांची वाट पाहायचो. ते घरी असले की त्यांच्या घोंगडीत शिरण्यावरून आमची मारामारी व्हायची. एरवी ती जागा कोणाची असायची ते मला त्या दिवशी कळलं.

बसमध्ये अंकुशभाऊंनी कॅटलॉग काढला आणि अंगासरशी बसणाऱ्या निमुळत्या बॅगा एकेक करून लाल पेनानं खोडल्या.

* * *

बॅग परत करायच्या आधी तिची परीक्षा घ्यायची होती. महिना मेचा. जालन्याचं ऊन म्हणजे सांगायलाच नको, बाराच्या पुढं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण मूळ बियाणं ठेवायची आमची कोल्ड रूम होती ना! अंकुशभाऊ बॅग घेऊन आत गेले. "पंधरा मिनिटं. थंडी वाजली तर लिहून ठेवतो," म्हणाले. हातात वही, पेन, थर्मामीटर.

अर्धा तास झाला तरी पत्ता नाही. चाचा पाहायला गेले. तेही परत येईनात. मी धावत जाऊन दार उघडलं.

अंकुशभाऊ बॅगेत घोरत होते. शेजारी पोत्यावर शाल पांघरून चाचा निवांत बसलेले. मला पाहून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"सोने दो उनकू. और दरवाजा लगाव, थंडी भाग री!"

तेवढ्यात मागून साहेब आले. कपाळावर घाम, हातात फायली. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काय चाललंय इथं?"

"टेस्टिंग, साहेब."

"किती वेळ चालेल?"

"ते उठले की विचारतो, साहेब."

साहेबांनी क्षणभर विचार केला, आत आले, दार ओढून घेतलं आणि दुसऱ्या पोत्यावर बसले.

* * *

यानंतर कितीतरी डिसेंबर आले आणि गेले. एका वर्षी वहिनींचं बाळंतपण, एका वर्षी दिराचं लग्न, पुन्हा एक बाळंतपण. दरवर्षी नवा कॅटलॉग यायचा, नव्या खुणा व्हायच्या. आम्ही चिडवायचो, "भाऊ, बर्फ वितळायच्या आत ठरवा!" ते हसायचे. पण घरी तो विषय निघाला की वहिनी उठून कामाला लागायच्या, हे मी पाहिलं होतं.

एकदा अंगारकीला आम्ही दोन्ही कुटुंबं राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. ही गर्दी! दर्शन झाल्यावर पोरांनी बर्फाच्या गोळ्यासाठी हट्ट धरला. गाडीवाला रंध्यावर बर्फ किसत होता, पांढरा भुगा खाली पडत होता. वहिनी तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, लाल का हिरवा?" त्यानं विचारलं.

"रंग नगं. नुस्ताच द्या."

त्यांनी तो भुगा ओंजळीत घेतला. मनगटावरून पाणी निथळून बांगड्या भिजल्या, पदर भिजला. मग अंकुशभाऊंकडं वळून हळूच विचारलं, "आसंच असतं का?"

"न्हाई," अंकुशभाऊ म्हणाले. "ह्यो मशीनचा हाय."

"मला वाटलंच," वहिनी म्हणाल्या आणि हात झटकून पोरांच्या मागं गेल्या.

* * *

त्याच आठवड्यात त्यांनी बॅग पक्की केली! रुंद, हलकी, उणे दहाची. ऑर्डरचा फॉर्म भरायला घेतला तर त्यात एक विचित्र प्रश्न : चेन डाव्या बाजूला हवी की उजव्या? डाव्या-उजव्यानं काय फरक पडतो म्हणून मी कॅटलॉगातली बारीक अक्षरं वाचली. एक डाव्या चेनची आणि एक उजव्या चेनची घेतली, तर दोन्ही जोडून दोघांची एक बॅग होते.

मी मान वर केली. अंकुशभाऊंनी केव्हाच लिहून टाकलं होतं : एक डावी, एक उजवी. कान लालबुंद!

अख्खी लॅब हसली. चाचांनी फॉर्म डोळ्याशी धरून वाचला आणि निर्णय दिला, "बिलकुल बराबर हय!"

फॉर्म दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायचा होता. सकाळी अंकुशभाऊ कामावर आलेच नाहीत. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. माउली वाचली, पण अंथरुणाला खिळली. वहिनींशिवाय कोणाच्या हातचा घास घेईना. फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमी तरी जाऊन या. पाह्यलेलं माणूस घरात असलं तर मला इचारता तरी यील."

अंकुशभाऊंनी नवा फॉर्म घेतला. एक बॅग, डावी चेन.

"और सीधी? उजवी वाली?" चाचांनी विचारलं.

"ती मंग मागवू," अंकुशभाऊ म्हणाले.

चाचांनी पाकीट घेतलं, स्वतः चालत पोस्टात नेऊन टाकलं.

* * *

नव्याण्णवच्या डिसेंबरात अंकुशभाऊ आणि मी निघालो. मनालीच्या वर, एक दिवसाची चढण. पाठीवरची बॅग जाणवतसुद्धा नव्हती, असं अंकुशभाऊ दर शंभर पावलांना सांगत होते. माळावर पोचलो, तर सगळीकडं तोच फोटो. त्यांनी हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला.

"कसा लागतो?" मी विचारलं.

त्यांनी तो बोटांनी चोळून पाहिला. दुसऱ्या हातात घेऊन पाहिला.

"तिला काय सांगू रे भगवान?" ते म्हणाले. "सांगताच येऊन न्हाई राह्यलं."

उतरायच्या सकाळी ते माळाखालच्या वस्तीतून फिरकीच्या झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आले. तो बर्फानं दाबून दाबून भरला. मग स्लीपिंग बॅग पसरली, डबा मधोमध ठेवला, चारी बाजूंनी पिसं गुंडाळली आणि चेन लावली. "ही थंडी आत येऊ देत न्हाई, तर गरमी बी येऊ देणार न्हाई," ते म्हणाले. आयुष्यभर बियाणं सांभाळणाऱ्या माणसाशी मी काय वाद घालणार!

गाडीत बर्थवर बॅग झोपली आणि अंकुशभाऊ तिच्या पायथ्याशी एका पातळ चादरीत कुडकुडत बसले. दोन रात्री. समोरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "बच्चा सो रहा है?" त्यांनी मान डोलावली आणि खिडकी आणखी घट्ट लावली.

जालन्याला उतरून सरळ घरी. मीही सोबत होतो. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. अंकुशभाऊंनी ओटीवर बॅग ठेवली, चेन उघडली. आतली पिसं भिजून गोळा झाली होती. त्यांनी डबा काढला, झाकण फिरवलं.

पाणी होतं. वर देवदाराच्या दोन काड्या तरंगत होत्या.

वहिनी वाकून बघत राहिल्या. अंकुशभाऊंना मान वर करवेना.

"औरंगाबादला उघडून पाह्यलं तवा होता गं," ते म्हणाले. "लिंबाएवढा होता."

"औरंगाबादपर्यंत आल्ता?"

"हां."

वहिनींनी डबा दोन्ही हातांनी उचलला.

"मंग तर जवळच आल्ता की!"