अण्णांना ऐकू येईना तेव्हा

माझे वडील, अण्णा, सांगलीकडच्या आमच्या गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. सातवीपर्यंतच शिक्षण. आयुष्यभर मोटारींच्या घरघरीत काम केल्यामुळे असेल, पण सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे कान जवळजवळ गेलेच. कानातलं मशीन आणून दिलं, ते आठवडाभर लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, "सगळ्या गावाची भांडी कानात वाजतात."

मी पुण्यात, वारज्याला राहते. दर रविवारी घरी फोन करायचे. पूर्वी अण्णा दोन मिनिटं का होईना, बोलायचे. नंतर मी ओरडून विचारायचे, "जेवलात का?" आणि ते म्हणायचे, "हो, पाऊस आहे." हळूहळू त्यांनी फोन घेणंच सोडलं. आई म्हणायची, "अगं, त्यांना लाज वाटते. तू मला सांग, मी सांगते त्यांना." पण आईमार्फत काय काय सांगणार?

म्हणून एका शनिवारी मी पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंना विचारलं, "आंतर्देशीय पत्र मिळतं का अजून?"

"मिळतं की. कुणी विचारत नाही म्हणून बंद झालेलं नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. मी पाच घेतली.

घरी येऊन लिहायला बसले आणि अडले. तब्येत कशी आहे, औषधं घेता ना, आम्ही मजेत आहोत, एवढ्यात माझं सगळं संपलं. निळा कागद तसाच पडलेला. फोनवर इतकी वर्षं आम्ही एवढंच बोलत होतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मग सुचेना म्हणून आमच्या सोसायटीच्या बोअरच्या मोटारीबद्दल लिहिलं. दोन उन्हाळे ती जळत होती आणि दर मीटिंगमध्ये त्यावरून भांडणं होत होती. ते सगळं, कोण काय म्हणालं त्यासकट, लिहून टाकलं. हात दुखून आला.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. पार्किंगमधल्या पत्रपेटीची किल्ली कुठे ठेवली ते मला आठवेना, शेवटी दोन बोटं घालून पत्र ओढून काढलं. अण्णांचं अक्षर मी किती तरी वर्षांनी बघत होते. मोठं, ठसठशीत, पूर्णविराम कुठेच नाही. 'मोटार सकाळी जळते का संध्याकाळी ते कळव, व्होल्टेज कमी असताना कोण चालू करतं, स्टार्टरची सेटिंग बघितली का' असे प्रश्न होते आणि खाली स्टार्टरचं चित्र. एका जागी बाण काढून लिहिलं होतं, 'इथं बघायला सांग, तू हात लावू नकोस'.

मी ते पत्र घेऊन सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "वा! आता आपण पोस्टानं पंप दुरुस्त करायचा." पण इलेक्ट्रिशियननं चित्र नीट पाहिलं, स्टार्टर उघडला आणि म्हणाला, "ताई, काढणाऱ्याला कळतंय. सेटिंग फार वर ठेवलीये. लोड वाढला तरी बंदच पडत नाही ती."

त्या उन्हाळ्यात मोटार जळली नाही. मी तसं कळवलं आणि मग पत्रं सुरूच राहिली. ते विहिरीबद्दल लिहायचे, शेजारच्या म्हशीबद्दल लिहायचे. मी ऑफिसातलं लिहायचे, मुलीचं लिहायचे. एकदा सहज लिहिलं, की सदाशिव पेठेत काही कामाला गेले होते, कॉलेजला असताना जिथे राहायचे ती खोली बाहेरून बघून आले.

त्याचं उत्तर आलं ते मी पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच वाचलं. अण्णांनी लिहिलं होतं:

'तुला त्या खोलीवर सोडलं त्या दिवशी मी घाई करून निघालो, तुला वाईट वाटलं असेल, तुझ्यासमोर डोळ्यात पाणी नको म्हणून निघालो, स्वारगेटला दोन गाड्या सोडल्या, वाटलं तू मागून येशील, मग तिसरीत बसलो'

इतकी वर्षं मला वाटत होतं, की पोरगी मार्गी लागली म्हणून ते सुटल्यासारखे निघून गेले. त्यांच्यावर मी मनातून रुसले होते, आणि आपलं हे रुसणं मला आवडायचंही नाही. बाजूनं कुणीतरी स्कूटर काढत होतं, मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्या रात्रीच उत्तर लिहिलं. 'अण्णा, मी गॅलरीत उभी होते. तुम्ही एकदा वळून बघाल म्हणून.'

 त्यांच्या पुढच्या पत्रात पुन्हा म्हैस होती.

दिवाळीत गावी गेले. अण्णा ओसरीवर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी खिशातून पेन आणि उशीखालून वही काढली. लिहिलं, 'दमलीस का'. मी खाली लिहिलं, 'नाही'. मग आम्ही तासभर वही इकडून तिकडे सरकवत बसलो. ते मध्येच मोठ्यानं हसत होते.

आई चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. "एका घरात बसून पत्रं लिहिताय दोघं?" मग कप जरा आपटूनच ठेवत म्हणाली, "मला ऐकू येतं म्हणून मला पत्र नाही होय?"

आता मी दोन पत्रं पाठवते. आईचं पहिलं उत्तर चार ओळींचं होतं, चारही ओळींत अण्णांच्या तक्रारी.