'एक' आणि 'दोन'च्या मध्ये

सर निवृत्त होण्याआधीची दोन वर्षं मी त्यांच्याकडे वल्हं मारायला शिकलो. आमच्या जळगावच्या कॉलेजाने नौकानयनासाठी शिक्षक आणला खरा, पण नाव काही आणली नाही. "मागवली आहे," असं प्राचार्य दरवर्षी सांगत आणि सर दर शनिवारी स्टेशनच्या मालधक्क्यावर चौकशी करून येत.

तोवर फैजपूरची पोरं घड उतरवलेल्या केळीचे खांब ट्रकवर टाकून आणत. बांबूच्या मेखांनी ते जोडून आम्ही मेहरूण तलावात तराफा सोडायचो. सर काठावरून मोजत. 'एक' म्हटल्यावर 'दोन' म्हणायला ते फार वेळ लावत. म्हणत, "वल्हं वर असतं तेव्हाच नाव पळते. तिला पळू द्या." तराफा तर तेवढ्यात थांबलेला असे.

"सर, हाई काय नाव शे?" धुळ्याचा एक जण एकदा म्हणालाच. सरांनी तलावाकडे बघत नुसतं 'दोन' म्हटलं.

ते निवृत्त होऊन गावी गेले आणि त्याच हिवाळ्यात नाव आली. पहिलं वल्हं मारून आम्ही सवयीने थांबलो. नाव थांबली नाही. आवाज न करता पुढे जात राहिली. मी काठाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तरी 'दोन' म्हणायची घाई आमच्यातल्या कुणीच केली नाही.