वेणूचं अर्धं तिकीट

बांधावरून चालताना लुगड्याला कुसळी चिकटते. चालताना ती कळत नाही, घरी येऊन बसलं की टोचते. दवाखान्यातले किस्से तसेच असतात. माझी नात वेणू, तिला घेऊन मी पाच वर्षं नागपूरच्या एका दवाखान्यात जाते आहे. वाढ अडलेल्या पोरापोरींचा विभाग आहे तो. तिथल्या बाकावर आणि येण्याजाण्यात इतकं काही चिकटलं, की आता एकेक वेचून काढल्याशिवाय चैन पडत नाही!

* * *

सुरुवात आमच्या दारापासून झाली. दर पोळ्याला मी वेणूला दाराच्या चौकटीला उभी करायची आणि डोक्याबरोबर काजळाची रेघ ओढायची. ती बारा वर्षांची झाली, त्या पोळ्याला नवी रेघ मागच्या रेघेच्या खाली आली!

सून रडायलाच लागली. "आई, पोरगी आटून राहिली वो!"

शेजारची कौतिकाबाई नजर काढायला मिरच्या घेऊन धावली. माझा म्हातारा खाटेवरून म्हणाला, "अवो, उन्हाळ्यात जुनी भुई खोदून कोणं काढली? पोरगी नाही आटली, भुई खाली गेली!"

सगळे हसले. मी मात्र चौकटीवर जुन्या भुईची खूण होती तिथवर माती भरून दाबली आणि तिच्यावर वेणूला परत उभी केली. वर्षाची वाढ निघाली अर्धं बोट. मग कोणी हसलं नाही.

* * *

आमच्या अड्याळहून भंडारा आणि तिथून नागपूर. पहिल्या फेरीला कंडक्टरनं विचारलं, "पोरगी केवढी आहे?"

वेणूला तेरावं सरत आलं होतं. तेव्हा बायांचं अर्धं तिकीट निघालं नव्हतं. मी म्हणाले, "नऊची."

अर्धं तिकीट मिळालं, मी खूश! कंडक्टर म्हणाला, "मग मांडीवर घ्या न आजी, बसू द्या कोणाले तरी."

वेणू माझ्या मांडीवर बसली. भंडाऱ्याला उतरल्यावर म्हणाली, "आजी, तू नऊ काहून सांगितलं?"

"अवं, दिसतेच तेवढी!"

हे बोलायला नको होतं. पण बोलून बसले.

* * *

रक्त तपासलं. महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं, वेणूलाही. म्हणाल्या, "याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. बाईच्या अंगात एक्स नावाचे दोन धागे असतात, वेणूच्या अंगात एकच आहे. उंचीसाठी इंजेक्शन देऊ, मग वयात येण्यासाठी गोळ्या. डोकं चांगलं आहे, शिकेल. मूल होणं मात्र अवघड आहे."

सुनेनं पदर तोंडाला लावला. वेणूनं एकच विचारलं, "मी मोठी दिसीन का?"

"दिसशील. वेळ लागेल."

मग मी विचारलं, "बाई, पण हे आलं कोणाकडून?" कारण तेरा वर्षं मी सुनेला ऐकवत होते, पोटात पोर असताना तू पपई खाल्ली म्हणून!

"कोणाकडूनच नाही आजी. आणि कोणी काही खाल्लं म्हणूनही नाही."

परत येताना सुनेनं अड्याळच्या बाजारातून एक पपई आणली, माझ्यासमोर बसली आणि एकटीनं आख्खी खाल्ली. बिया माझ्या हातावर ठेवल्या.

"परसात लावा, आई."

* * *

इंजेक्शन रोजचं होतं, पेनासारखं. सुनेच्यानं पोरीला टोचवेना आणि माझा मुलगा तर सुई पाहिली की अंगणात जायचा. मी पुढं झाले. सिस्टरनं विचारलं, "आजी, आकडे वाचता येतात?"

"नाही."

"मग औषध किती ते कसं कळेल?"

"चाकी फिरवली का टिक वाजते. किती टिका पाहिजे ते सांगा."

तिला पटेना. ती फिरवायची आणि मी डोळे मिटून मोजायची, असं तिनं कितीदा तरी केलं. मधेच तिचा फोन वाजला. फोन ठेवून म्हणाली, "हं, किती झाल्या?"

"बारा."

"चुकलात! अकरा."

"मॅडम, फोन उचलताना एक फिरली. ते तुम्ही नाही मोजली."

तिनं पेन उजेडात धरून आकडा पाहिला. मग पेनाचा डबा माझ्या पिशवीत घातला.

* * *

बाकावर साकोलीचा मनोज भेटायचा, आईबरोबर. एकोणीस वर्षांचा, ताडासारखा उंच, पण ओठावर लव नाही आणि आवाज कोवळा. डॉक्टरीणबाईंनी त्याला पहिलंच विचारलं, "तुला वास येतो का?"

आई बाहेर येऊन करवादली, "मिशी नाही म्हणून आणलं, अन् ह्या नाकाचं विचारून राहिल्या!"

मनोज म्हणाला, "पण खरंच येत नाही, आई. कधीच आला नाही."

"मग घरी सुकट भाजली का नाक कायले दाबत होता?"

"सगळे दाबत होते, म्हणून मी बी दाबत होतो!"

वास आणि वयात येणं, दोन्हींची वाट पोर पोटात असताना एकच असते म्हणे. ती अडली की दोन्ही अडतात. दीड वर्षाच्या इंजेक्शनांनंतर मनोजला मिशी आली. सात केस! आई अजून वस्तरा लावू देत नाही.

* * *

गावात कौतिकाबाईचा प्रश्न दर हळदीकुंकवाला ठरलेला. "पोरीची पाळी सुरू झाली का वो?"

मी विषय बदलायची. एकदा वेणूनंच वाण देता देता सांगितलं, "झाली न, काकू. डॉक्टरीणबाईनं गोळ्या लावून दिल्या. त्या हिशेबानं येते. तारीख आधीच माहीत राहते."

कौतिकाबाईनं बराच विचार केला. मग हळूच माझ्या कानाशी आली.

"माह्या सुनेले भेटन का वो ते गोळी? तिची दर सणालेच येते!"

* * *

मागच्या महिन्यातली गोष्ट. वेणू आता अठराची आहे, भंडाऱ्याला कॉलेजात जाते, उंचीनं माझ्या कानाला लागते. बायांना अर्धं तिकीट झालं आहे आणि मला पंचाहत्तरीचं फुकट.

अड्याळला बस सुटली. कंडक्टर नवीन होता. "आजीचं फुकट. पोरीचं हाफ." मशीन वाजलं.

वेणूनं तिकीट वाचलं. "हे लहान पोराचं आहे."

"हो. हाफच आहे न."

"मी अठराची आहे. बाईचं द्या."

"अवं, बाईचं बी हाफच! पैसे तेवढेच. फरक काय पडते?"

"पडते. बाईचं द्या."

गाडी हसायला लागली. कंडक्टर माझ्याकडे वळला. "आजी, तुम्हीच सांगा. पोरगी केवढी आहे?"

वेणू माझ्याकडे पाहत होती.

"अठरा पूर्ण," मी म्हणाले. "खोटं वाटत असन तर घरी चला, आमच्या दारावर लिहून आहे!"

पुटपुटत त्यानं दुसरं तिकीट काढलं. वेणूनं ते नीट वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

वाटेत पहेला गावी गर्दी चढली. कडेवर पोर घेतलेली एक बाई एका हातानं दांडा धरून हेलकावे खात होती. कंडक्टरनं आमच्या सीटकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, वेणूकडे.

"बाई," तो म्हणाला, "तेवढं पोरगं मांडीवर घ्या न."