तिळाखालची कोळंबी
तीळ तेलात तडतडले की आजही माझं डोकं फिरतं. लग्नानंतर आम्ही मोशीत माळकरी घरमालकांच्या वरच्या खोलीत राहायचो. अट एकच होती, मासे-मटण शिजवायचं नाही. पण नवऱ्याच्या चाकणच्या कंपनीतले साहेब चहाला येणार होते, आणि मोबाइलवर पाहिलेला चायनीज कोळंबी टोस्टच कर म्हणून तो अडून बसला. मी कोकणातली, कोळंबी म्हटल्यावर विरघळले. चूक माझीही होतीच. खिडक्या लावून घेतल्या, आलं-लसूण घालून कोळंबी वाटली, ब्रेडच्या तुकड्यांवर थापली, वर तीळ दाबले आणि टोस्ट कुरकुरीत तळले. तेवढ्यात घरमालकीण काकू दारात आल्या. "तिळाचा वास पार खाली आलाय, काय करतीस गं?" माझ्याआधी नवराच बोलला, "बटाट्याचे टोस्ट आहेत काकू, घ्या ना." गळ्यातली तुळशीची माळ सावरत काकूंनी हात पुढे केला. मी ताटली ओढून घेतली. "काकू, कोळंबी आहे त्यात." त्यांचा हात तसाच राहिला. "एक तारखेला खोली मोकळी करा," एवढंच बोलून त्या जिना उतरल्या. सामान बांधताना नवरा मलाच बोलत होता, "एक घास खाल्ला असता तर म्हातारी काय मेली असती का?" आणि परवा, आमच्या नव्या फ्लॅटमध्ये, मी हेच टोस्ट बाहेर आणत असताना तो मित्रांना सांगत होता, "मीच काकूंचा हात धरला, राव! माळकरी बाईला कसं खाऊ द्यायचं?" मग हसत त्यानं टोस्टकडे हात नेला, आणि मी त्या दिवशीसारखीच ताटली ओढून घेतली.