सायकल ट्रॅकचं गाऱ्हाणं

पेपरात 'निधी मंजूर' असं वाचलं की लोकांना बरं वाटतं. माझी नजर आधी घराच्या दाराकडे जाते.

मुलुंडला पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनला खेटून आमची वस्ती आहे. माझा जन्म तिथलाच. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा. बाबांचं अर्धं आयुष्य गिरणीत गेलं, आणि गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत राहिला. आता शेजारी कुणी उदबत्ती लावली तरी त्यांना ढास लागते.

काही वर्षांपूर्वी पाइपलाइनच्या कडेने चालण्यासाठी आणि सायकलींसाठी ट्रॅक बांधायला सरकारी पैसा मिळाला. नाक्यावर हा भलामोठा फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले पुढारी, खाली चित्र: पाइप, झाडं, आणि हेल्मेट घालून सायकल चालवणारी एक बाई. मला तर फार आनंद झाला. ऑफिसात बसून बसून कंबर धरते, म्हटलं, चला, सकाळी फिरायला जागा झाली. ट्रॅक पाइपच्या पलीकडे, लोक कचरा टाकतात तिथे होणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. चित्रात आमची घरं नव्हती. ते दिसत होतं खरं, पण फ्लेक्सवर काय, पुढाऱ्यांचे केससुद्धा काळेभोर असतात.

भूमिपूजनाला बाबांना मानाने बोलावलं, गाऱ्हाणं घालायला. आम्ही मालवणकडचे. कुठल्याही शुभकार्याआधी वडीलधाऱ्या माणसाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत होकार द्यायचा, ही आमची रीत. बाबांसारखं गाऱ्हाणं वस्तीत कुणी घालत नाही. धुतलेला सदरा घालून, धाप आवरत ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो रस्तो बांधूक जे झटतत, त्येंका येश दी. वाटेत जां काय आड येतलां, तां बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वस्ती ओरडली. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

थोड्याच दिवसांत मोजणीवाले आले आणि आमच्या दारांवर लाल रंगाच्या फुल्या मारून गेले. पाइपच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी हवी होती. बदली घरं माहुलला, तेलाच्या रिफायनऱ्यांच्या शेजारी. शेजारच्या ताई बघून आल्या. "खोली चांगली आहे गं," त्या म्हणाल्या, "पण मी नाकाला पदर लावूनच बघितली. बाबांना नको नेऊस हां तिकडे."

वस्तीने मोर्चा काढला, पण बाबा येईनात. "चार लोकांत देवाक शब्द दिलंय. तो माघारी कसो घेव?"

"बाबा, देवाला कोण विचारतंय? फुली त्याने मारलीय का?" मी ओरडले.

मग आमच्या ओळीपर्यंत पोचायच्या आतच पैसे संपले आणि काम थांबलं. फुली मात्र दारावर राहिली. गल्लीच्या तोंडाशी एखादा ट्रक मागे यायला लागला तरी मला वाटायचं, पाडायला आले. आंघोळ अर्धी टाकून मी बाहेर येऊन बघायची.

गेल्या महिन्यात पेपरात बातमी आली: उरलेल्या टप्प्यासाठी निधी मंजूर. मी पेपर गादीखाली सारला. पण वस्तीत अशी बातमी लपते होय! दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, तोच धुतलेला सदरा घालून, हातात नारळ घेऊन दाराबाहेर फुलीसमोर उभे. शेवटी शब्द मागे घेतायत म्हणायचे! माझा जीव भांड्यात पडला. मी पदर खोचून त्यांच्या मागे हात जोडून उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा," ते थांबले, श्वास घेतला. "रस्तो होवंदे. मी आड येवचंय नाय. पण माका त्या माहुलाक धाडू नको. घर मोडूच्या आदी माका घेवन जा रे म्हाराजा!"

एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि होकार द्यायला मी एकटीच होते.

"म्हण गो," बाबा म्हणाले.

'व्हय' म्हटलं तर मीच बाबांचं मरण मागितलं, असं होणार होतं. नारळ हातात धरून ते वाट बघत राहिले.