मंगळवारचा शिक्का

टपाल कचेरीत त्यांना सगळे शिक्केकाका म्हणत. एकतीस वर्षं रोज सकाळी शिक्क्याची तारीख बदलायची, कोऱ्या कागदावर एकदा उमटवून पाहायची आणि मग कामाला लागायचं. "काका लग्नाची तारीख विसरतील, शिक्क्याची नाही," शेजारच्या टेबलावरचा वजनकाटेवाला म्हणे. काका म्हणत, "लग्नाची ती लक्षात ठेवते."

युद्ध सुरू झालं आणि गावाबाहेरच्या छावणीतून शत्रूच्या कैद्यांची कार्डं येऊ लागली. प्रत्येक कैद्याला महिन्याला एक कार्ड घरी धाडता येईल, असा नियम दोन्ही बाजूंनी मान्य केला होता. "कशाला त्यांचे लाड?" वजनकाटेवाला कुरकुरायचा. काका शिक्के मारत राहायचे. त्यांचा धाकटा मुलगा सीमेपलीकडे कैदेत होता. चार महिने त्याचं कार्ड नव्हतं.

त्या मंगळवारी अकरा कार्डं आली. सगळ्यांवर हाताने लिहिलेली तारीख त्याच दिवशीची. भाषा पलीकडची, पण सीमेवरच्या गावाला ती थोडीफार येतेच. मजकूर जवळपास एकच: मी बरा आहे, काळजी नसावी. काकांनी शिक्के मारले, थैली बांधून टेबलाखाली सरकवली. गाडी आठवड्यातून एकदा, जमेल तेव्हा यायची.

गुरुवारी छावणीचे साहेब आले. बसले नाहीत.

"ती अकरा कार्डं परत द्या. ती माणसं रविवारीच लढाईत मेली, तसं जाहीर झालंय."

काकांना कळायला वेळ लागला नाही. रविवारी मेलेली माणसं मंगळवारी कार्डं लिहीत नाहीत. त्यांना छावणीतच मारलं होतं, आणि ते सांगायला आता ही थैली तेवढी उरली होती.

"थैली गेली, साहेब," ते म्हणाले. पाय थैलीला टेकलेले होते.

साहेबांनी वजनकाटेवाल्याकडे पाहिलं.

"कालच गेली. मीच गाडीत टाकली," तो मान वर न करता म्हणाला.

साहेब गेले. वजनकाटेवाल्याने पुढचं पार्सल काट्यावर ठेवलं. शुक्रवारी गाडी आली, थैली गेली.

घरी बायकोने रोजच्यासारखं विचारलं, "आलं का काही?"

"नाही."

"येईल हो. एकदा कार्ड हातात पडलं की जीव भांड्यात पडेल."

काकांनी ताट पुढे ओढलं. कार्ड आलंच, तरी ते त्यावरच्या तारखेपुरतंच खरं असणार होतं. हे तिला सांगायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं आणि ताटातलं संपवलं.

शनिवारी सकाळी त्यांनी तारीख बदलली. कोऱ्या कागदावर उमटवून पाहिली.