ताईंची दुसरी ओळ

आमच्या प्रयोगशाळेत कात्री कधी हरवायची नाही. तिच्या मुठीवर ताईंची पांढरी चिठ्ठी असायची: वर खोलीचा क्रमांक, मधे तारीख आणि खाली, बारीक पण ठाम अक्षरात, ‘परत आणून ठेवा’. हीच चिठ्ठी स्टेपलरवर, छत्रीवर, चहाच्या कपांवर आणि एकदा तर साहेबांच्या चष्म्याच्या डबीवरसुद्धा. ताईंचे यजमान म्हणायचे, “लग्नानंतर आठ दिवस मी रोज आरशात पाठ बघत होतो. म्हटलं, मलाही चिकटवलीय की काय!”

ताई आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. एकतीस वर्षं नोकरी झालेली. माझ्या पहिल्याच दिवशी माझ्या हातातली नळी काढून घेऊन त्यांनी विचारलं, “यात काय आहे?”

“पाणी.”

“कशावरून?”

अस्सा राग आला होता त्यांचा! पुढे वर्षभर त्यांच्याच डब्यातलं खाता खाता तो राग कधी गिळला, ते कळलंही नाही.

आम्ही जनुकं बदललेलं यीस्ट करायचो. पाव फुगवतं तेच यीस्ट, पण आमचं पाव सोडून एका औषधाचा कच्चा माल तयार करायचं. असला जीव चोरणं फार सोपं. बाहीला लागलेला डाग घरी नेला तरी पुरतो, त्यातून पिंपभर वाढवता येतं. म्हणून त्याच्या डीएनएमध्येच मालकाची खूण लिहून ठेवायची. डीएनएची अक्षरं चारच. त्यांतल्या तीन-तीनांचा गट करून आपलं एकेक अक्षर बसवायचं आणि तो मजकूर अशा जागी घालायचा, की यीस्टच्या कामात त्याची लुडबुड होऊ नये. मग यीस्ट वाढेल तशी खुणेचीही नक्कल होत राहते. आमची खूण म्हणजे प्रयोगशाळेचं नाव आणि क्रमांक. नोंदवहीत असेल तेवढंच घालायचं. वर एक अक्षर जरी घातलं, तरी त्या कर्मचाऱ्याला यीस्टच्या खोलीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही, असा नियम दारावर लावलेला होता. तो कागद ताईंनीच चिकटवला होता.

मजकूर लिहायचं कामही ताईंचंच. एकदा सरळ आणि एकदा शेवटाकडून उलटा, असा त्या तो वाचायच्या. उलटं वाचताना डोळ्याला अंदाजाने पुढे पळता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. यीस्टची ती खोली म्हणजे त्यांचं माहेर होतं. सकाळी आल्या की आधी तिथे जाऊन एकेका चंबूकडे बघायच्या, मग चहा.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीने हुबेहूब आमच्यासारखं यीस्ट आणलं. आमच्याकडून सोडून गेलेला एक जण तिथे लागला होता. साहेबांनी तक्रार केली. पंच नेमले गेले, त्यांनी कंपनीचा नमुना मागवला आणि आमची खूण जिथे असायची ती जागा वाचली. तिथे काहीच नव्हतं. खूण कापून टाकलेली. घरभेद्याला कपाटाची किल्ली कुठे असते, ते विचारावं लागत नाही.

“खूण नाही म्हणजे पुरावा नाही,” साहेब म्हणाले. “सहा वर्षांचं काम पाण्यात गेलं.”

त्या दुपारी ताईंनी मला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. “अगं, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?”

मी घाबरलेच. ताई कधी कुणाची परवानगी मागायच्या नाहीत.

“त्या यीस्टमध्ये आणखी एक ओळ आहे. दुसऱ्या जागी. मी घातलेली.”

“कसली ओळ?”

त्यांनी खुंटीवरच्या छत्रीच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. मी कपाळावर हात मारून घेतला. “ताई!”

“अर्धी चिठ्ठी माझ्याच्याने लिहवत नाही गं. तरी नोंदवहीत घातली नाही, ते चुकलंच.”

“पण सांगितलंत तर खोली जाईल तुमची. शेवटचे आठ महिने!”

“आणि नाही सांगितलं तर यीस्ट जाईल. तेही कुणाकडे, तर परक्याच्या बरणीवर आपलं लेबल लावणाऱ्यांकडे.”

साहेब आधी लाल झाले, मग त्यांनी ताईंची सहा वर्षांपूर्वीची कच्ची वही मागवली. ती ओळ, तिची जागा, तारीख, सगळं तिथे होतं आणि खाली साहेबांचीच सही होती. दर आठवड्याची सही ते न वाचता करायचे. मग ते जरा निवळले. वही पंचांकडे गेली, नमुना पुन्हा वाचला गेला. तीन आठवड्यांनी फोन आला. पलीकडचे पंच एकेक शब्द सावकाश वाचून दाखवत होते, “परत... आणून... ठेवा. असंच आहे ना?” आम्ही हसत होतो आणि रडतही होतो. महिन्याभरात कंपनीला ते यीस्ट मुकाट्याने सोडून द्यावं लागलं.

“आता नियमाचं काय करू?” साहेबांनी ताईंना विचारलं.

“मला काय विचारता? कागद मीच लावलाय दारावर.” त्यांनी खोलीची किल्ली चिठ्ठीसकट टेबलावर ठेवली आणि उरलेले महिने काचसामान धुवायच्या खोलीत काढले. खोलीचं काम माझ्याकडे आलं. सकाळी त्या दाराच्या काचेशी यायच्या, बाहेरूनच चंबू मोजायच्या आणि चहाला जायच्या. मला आत उभं राहायची लाज वाटायची.

निवृत्तीच्या दिवशी दुपारीच साहेबांनी त्यांच्या हातात सेवामुक्तीचं पत्र दिलं. “आता तुम्ही इथल्या कर्मचारी नाही, पाहुण्या आहात. आणि पाहुण्यांना माझ्या परवानगीने आत जाता येतं.” त्यांनी किल्ली पुढे केली. “पाचपर्यंत.”

ताईंनी घाईत किल्ली आधी उलटीच घातली. आत गेल्यावर त्यांनी एकेका चंबूवरची चिठ्ठी वाचली. एक माझी वाकडी लागलेली होती, ती काढून सरळ लावली.

“ताई, आता प्रत्येक यीस्टमध्ये दुसरी ओळ घालायची असं ठरलंय. बंद पाकिटात नोंदवून. नव्यात मी काय घातलंय, सांगू?”

“खबरदार! गुपित ना ते?” मग हळूच, “उलटं वाचलंस?”

“दोनदा.”

“मग झालं तर.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

पाचला पाच मिनिटं असताना त्या बाहेर आल्या, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर परत आणून ठेवली.